हाय-पॉवर कार ऑडिओला पुरेशी वीज कशी द्यावी: अल्टरनेटरपासून अ‍ॅम्पच्या टर्मिनलपर्यंत

बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात, आवाज वाढवला की अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो, चांगल्यातला वूफर (बेसचा स्पीकर) घेऊनही वर्षभरात त्याची कॉइल जळते. या तिन्ही तक्रारींत वूफर किंवा अ‍ॅम्प बदलण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: पूर्ण आवाजात अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर किती व्होल्ट पोचतात? बहुतेक गाड्यांत उत्तर तिथेच सापडतं.

अ‍ॅम्पचा पॉवर सप्लाय अनरेग्युलेटेड (येणाऱ्या व्होल्टेजबरोबर वरखाली होणारा) असेल, आणि बाजारातले बरेच अ‍ॅम्प तसेच असतात, तर १४.४ व्होल्टवर १००० वॉट देणारा अ‍ॅम्प १२ व्होल्टवर साधारण ७०० वॉटच देतो. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. आवाजाचा नॉब मात्र आहे तिथेच असतो, त्यामुळे अ‍ॅम्पला सिग्नलचं टोक पूर्ण काढता येत नाही आणि ते सपाट कापलं जातं. याला क्लिपिंग म्हणतात. अशा कापलेल्या सिग्नलवर वूफर तासभर चालला की व्हॉइस कॉइल सतत तापत राहते आणि शेवटी जळते.

पुढची सगळी आकडेमोड एका नेहमीच्या सेटअपवर केली आहे: पेट्रोल हॅचबॅक, ९० अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा), ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, डिकीत १००० वॉट आरएमएसचा (सलग देता येणाऱ्या पॉवरचा) क्लास-डी मोनोब्लॉक, म्हणजे वूफरसाठीचा एका चॅनलचा अ‍ॅम्प, आणि दारांच्या स्पीकरसाठी ४ × ७५ वॉटचा क्लास-एबी अ‍ॅम्प. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, हिशेबाची रीत हीच.

अ‍ॅम्प खरोखर किती करंट ओढतो

खोक्यावरचे वॉट विसरा. आरएमएस आकडा घ्या, त्याला एफिशिएन्सीने भागा आणि मग व्होल्टेजने भागा. क्लास-डीची एफिशिएन्सी पूर्ण पॉवरवर साधारण ८० टक्के, क्लास-एबीची ५५ टक्के धरावी. व्होल्टेज १३.८.

मोनोब्लॉक: १००० ÷ ०.८ ÷ १३.८ = सुमारे ९० अँपिअर.
फोर-चॅनल: ३०० ÷ ०.५५ ÷ १३.८ = सुमारे ४० अँपिअर.

म्हणजे दोन्ही मिळून टोकाला १३० अँपिअर.

आरएमएस आकड्यावर भरवसा नसेल तर अ‍ॅम्पच्या अंगावरचे फ्यूज बघा. ‘३००० वॉट’ छापलेल्या अ‍ॅम्पला ३०-३० चे दोन फ्यूज असतील, तर तो ६० × १३.८ = ८२८ वॉट आत घेणार, आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे जेमतेम ६६० वॉट, बाहेर देणार. फ्यूज थोडा वेळ आपल्या रेटिंगच्या वर करंट सोसतो हे खरं, पण त्याने ६६० चे ३००० होत नाहीत.

वूफरची जोडणीही या हिशेबात येते. ४ ओहमच्या दोन-दोन कॉइल असलेले दोन वूफर सगळे पॅरलल जोडले की अ‍ॅम्पला १ ओहमचा लोड दिसतो. २ ओहमवर तोच अ‍ॅम्प ढोबळमानाने निम्मा करंट ओढतो.

गाणं सतत टोकाला नसतं. बेसने भरलेल्या गाण्यांत सरासरी करंट टोकाच्या तिसऱ्या हिश्शाइतका धरला की हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. साध्या गाण्यांत तो याहून बराच कमी असतो. आपल्या उदाहरणात सरासरी आली ४३ अँपिअर. सरासरी भागवणं हे अल्टरनेटरचं काम आणि १३० ची टोकं भागवणं हे बॅटरीचं काम. पुढचे सगळे निर्णय या वाटणीवरून घ्यायचे आहेत.

गाडीकडे शिल्लक किती आहे

अल्टरनेटरवरच्या लेबलचा ९० हा आकडा त्याच्या शाफ्टच्या ६००० फेऱ्यांचा असतो. काही लेबलांवर दोन आकडे असतात; त्यातला लहान आकडा कमी फेऱ्यांचा. इंजिन ८०० वर आयडल असताना पुलीच्या गुणोत्तरामुळे अल्टरनेटर २००० ते २४०० फेऱ्यांवर फिरतो आणि रेटिंगच्या निम्म्याच्या आसपास देतो. त्यात बॉनेटखाली तापलेला असेल तर आणखी कमी. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचा अल्टरनेटर हा सगळ्यात कमकुवत अल्टरनेटर असतो, आणि हिशेब त्याचाच करायचा.

गाडीचा स्वतःचा खर्च रात्री, एसी चालू असताना असा: हॅलोजन हेडलाइट ९ ते १० अँपिअर, ब्लोअर १५ च्या पुढे, रेडिएटरचा पंखा लागला की आणखी १० ते २०, शिवाय फ्यूएल पंप, इंजेक्टर, इग्निशन, ईसीयू (इंजिनचा कंप्यूटर). सगळं एकदम चालू नसतं, तरी ४५ अँपिअर धरावेत.

हायवेवर तापलेला अल्टरनेटर ७५ ते ८० देईल. गाडीचे ४५ वजा केले की ऑडिओला उरतात ३० ते ३५, लागतात ४३. सिग्नलवर तो ४५ देतो आणि ते सगळे गाडीच खाते. ४३ च्या ४३ बॅटरीतून जातात. ३५ एएचच्या बॅटरीवर हे चाललं तर वीसेक मिनिटांत ती निम्म्यावर येते.

यावरून या गाडीपुरता अंदाज असा: एकूण ५००-६०० वॉट आरएमएसपर्यंत मूळ अल्टरनेटर आणि चांगली केबल पुरते. १००० च्या आसपास गेलात तर बिग थ्री (अल्टरनेटर, बॅटरी, इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या तीन जाड केबल, पुढे येतात) आणि मोठी बॅटरी लागते, आणि आयडलवर आवाज आवरावा लागतो. १५०० च्या वर अल्टरनेटर बदलल्याशिवाय पर्याय नाही.

खरेदीआधी करायच्या चार मोजण्या

साधा डिजिटल मल्टिमीटर हवा, आणि जमल्यास डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी (घरातल्या विजेसारखा, दिशा बदलणारा) करंट मोजतात; ते गाडीत बॅटरीच्या केबलला लावले की शून्य दाखवतात. घेताना मीटरवर डीसी अँपिअरची खूण बघून घ्या.

१. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीचं व्होल्टेज. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. कमी आलं तर आधी चार्ज करून पुन्हा मोजा. एका दिवसात पुन्हा उतरली तर बॅटरी गेलेली आहे किंवा कुठेतरी करंट गळतो आहे.

२. सेल्फ मारताना. ९.६ च्या खाली जाऊ नये.

३. इंजिन आयडल, एसी, हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारा डिफॉगर, सगळं चालू. बॅटरीवर १३.५ च्या खाली जात असेल तर तुमच्याकडे ऑडिओसाठी आयडलवर काहीच शिल्लक नाही. हीच मोजणी २००० आरपीएमवर पुन्हा करा.

४. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीच्या पोलवर. ०.१ व्होल्टच्या आत असावं. अर्धा व्होल्ट दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेला आहे. आधी तो दुरुस्त करा, नाहीतर पुढचा सगळा खर्च वाया जाईल आणि स्पीकरमधून शिट्टीही ऐकू येत राहील.

केबल: इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते

कार ऑडिओच्या दुकानात ‘४ गेज’, ‘० गेज’ असं लिहिलेली किट मिळतात. त्यातल्या बऱ्याच किटमधली केबल तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. पाकिटावर सीसीए ही अक्षरं असली तर ती हीच. अशी केबल त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या सुमारे ६५ टक्केच वीज वाहते. दुसरी चलाखी इन्शुलेशनची: बाहेरून अंगठ्याएवढी जाड केबल, आत तारांचा जुडगा करंगळीएवढाही नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. एक बारीक तार घ्या आणि ब्लेडने खरवडा. आतून लाल राहिली तर तांबं. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर मुलाम्याची. उलट प्रकारही असतो: वरून चंदेरी, आतून लाल. ते कथील चढवलेलं तांबं असतं आणि ते उत्तम, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत, जिथे उघडं तांबं लवकर हिरवं पडतं.

आपल्याकडे एक चांगला पर्याय इलेक्ट्रिकल मार्केटमध्ये मिळतो: तांब्याची वेल्डिंग केबल. आयएस ९८५७ ची खूण असलेली, स्क्वेअर एमएममध्ये मापलेली, शेकडो बारीक तारांची, म्हणून लवचीक. अ‍ॅल्युमिनियमची वेल्डिंग केबलही त्याच दुकानात असते, तेव्हा तांब्याची असं स्पष्ट सांगून मागा. रबरी आवरण तेल-उष्णता सोसणारं, म्हणजे एचओएफआर प्रतीचं असावं, कारण तिला बॉनेटखाली राहायचं आहे.

जाडी कशी ठरवायची? पुढच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत हॅचबॅकमध्ये वळणं धरून ५ मीटर लागतात. १३० अँपिअरला ५ मीटर तांब्यात पडणारं व्होल्टेज:

१६ स्क्वेअर एमएम: ०.७० व्होल्ट
२५ स्क्वेअर एमएम: ०.४५ व्होल्ट
३५ स्क्वेअर एमएम: ०.३२ व्होल्ट
५० स्क्वेअर एमएम: ०.२२ व्होल्ट

५० ची मुलाम्याची केबल घेतली तर ०.३५ व्होल्ट पडतील, म्हणजे ती ३५ च्या तांब्यापेक्षाही किंचित वाईट. हे फक्त जाण्याच्या वाटेचं. परतीच्या वाटेचा तोटा वेगळा. म्हणून या सेटअपला ५० स्क्वेअर एमएम. ‘४ गेज’ म्हणजे खरं तर २१ स्क्वेअर एमएम आणि ‘१/०’ म्हणजे ५३, हे लक्षात ठेवलं की दुकानातली भाषा आणि वेल्डिंग केबलची भाषा जुळवता येते.

बिग थ्री

कंपनीने दिलेल्या तीन केबल मूळ गाडीच्या खर्चापुरत्या असतात: अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी. या तिघींच्या जोडीला जाड केबल टाकणं हे पूर्ण कामातलं सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात फरक पाडणारं पाऊल आहे. मूळ केबल काढायच्या नाहीत, तशाच ठेवायच्या.

आधी इंजिन बंद, चावी बाहेर, आणि बॅटरीचा निगेटिव्ह पोल मोकळा. पाना घसरून पॉझिटिव्ह आणि बॉडीला एकाच वेळी लागला तर निगेटिव्ह सुटलेला असल्यामुळे ठिणगी पडत नाही. जोडताना उलट क्रम: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

अल्टरनेटरच्या मागच्या बी-प्लस बोल्टपासून बॅटरी पॉझिटिव्हपर्यंत ३५ स्क्वेअर एमएम, मध्ये बॅटरीजवळ १२५ अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज अल्टरनेटरच्या रेटिंगच्या निदान सव्वापट असावा. बरोबर ९० चा टाकला तर उन्हाळ्यात एखाद्या दिवशी तो उडेल. मूळ केबलच्या वाटेत कंपनीची फ्यूजिबल लिंक (फ्यूजसारखी वितळणारी तार) असते, तिला हात लावू नका.

इंजिनची केबल ब्लॉकच्या रिकाम्या थ्रेडेड बोल्टवर किंवा अल्टरनेटरच्या ब्रॅकेटवर घ्या. इंजिन रबरी माउंटवर हलतं, म्हणून या केबलला थोडी सैल कमान ठेवा. ताणून बसवलेली केबल काही महिन्यांत लगच्या (टोकाच्या थिंबलच्या) मानेपाशी तुटते.

लग म्हणजे आपल्याकडचं थिंबल. ५० च्या केबलला ५० चं, ८ किंवा १० एमएम होलचं, कथील चढवलेलं तांब्याचं थिंबल घ्या आणि हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूलने, षटकोनी डायने दाबा. पॅनेल बोर्ड बनवणाऱ्या दुकानात हे टूल असतंच. केबल मापून नेली तर दाबून देतात. हातोडीने ठोकलेलं थिंबल बाहेरून घट्ट दिसतं, आत तारांमध्ये पोकळी राहते. अशा जोडात फक्त ५ मिलिओहम रेझिस्टन्स राहिला तरी १३० अँपिअरला ०.६५ व्होल्ट तिथेच जातात आणि त्या एका बिंदूवर ८४ वॉटची उष्णता तयार होते. फ्यूज होल्डरचं प्लास्टिक वितळतं ते यामुळे, जास्त करंटमुळे नाही. क्रिम्पवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

मेन केबल आणि फ्यूज

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ४५ सेंटिमीटरच्या आत पहिला फ्यूज आलाच पाहिजे. तो अ‍ॅम्पला वाचवण्यासाठी नसतो, केबलला वाचवण्यासाठी असतो. अपघातात किंवा घासून केबल बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि फ्यूज नसलेल्या केबलचं आवरण पेटतं. सीटखालच्या गालिच्यात लागलेली आग चालकाला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. डिकीत अ‍ॅम्पजवळ फ्यूज लावून ५ मीटर केबल विनासंरक्षण सोडणारे फिटर अजूनही आहेत; तसं काम स्वीकारू नका.

तांब्याच्या केबलसाठी फ्यूजची वरची मर्यादा: १० स्क्वेअर एमएमला ६० अँपिअर, १६ ला १००, २५ ला १५०, ३५ ला २००, ५० ला २५०. त्या मर्यादेत राहून लोडच्या थोडा वरचा घ्यायचा. आपल्या १३० अँपिअरला १५० चा एएनएल (बोल्टने बसणारा पट्टीचा फ्यूज). अ‍ॅम्पच्या जवळ डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक, तिथून मोनोब्लॉकला २५ स्क्वेअर एमएम आणि त्याच्या कंपनीने सांगितलेला फ्यूज, फोर-चॅनलला १० स्क्वेअर एमएम आणि ५० चा फ्यूज.

फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) केबल नेताना कंपनीचं रबरी ग्रोमेट वापरा. नवीन भोक पाडावंच लागलं तर आधी पलीकडे हात घालून ब्रेकची लाइन, वायरिंगचा जुडगा, एसीचा पाइप नाही ना ते बघा. भोकाची धार कानशीने घासून, रंग लावून, मापाचं ग्रोमेट बसवा. पॅडल आणि स्टिअरिंगच्या शाफ्टपासून केबल लांब बांधा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूने नेऊ नका. आत पॉवर केबल एका बाजूच्या सिलमधून (दाराच्या उंबऱ्यातून) आणि आरसीए (सिग्नलची केबल) दुसऱ्या बाजूने.

अर्थ

परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, बॉडीतून जाते, आणि अर्ध्या तक्रारी इथल्याच असतात. अर्थची केबल पॉझिटिव्हइतकीच जाड, लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास. बॉडीच्या पातळ पत्र्यावर किंवा डिकीच्या सैल ब्रॅकेटवर नको. चॅसिसच्या जाड भागावर, एम८ किंवा एम१० बोल्टने. सीटबेल्टच्या बोल्टला कधीही हात लावायचा नाही, त्याच्यावर जीव अवलंबून असतो. भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन पेट्रोलची टाकी, तिच्या नळ्या आणि ब्रेकच्या नळ्या कुठे आहेत ते डोळ्यांनी बघा.

थिंबलएवढ्या गोलातला रंग आणि प्रायमर पूर्ण घासून चकाकतं लोखंड उघडं करा. वरून थिंबल, दातेरी वॉशर, नट. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो आणि जोड सैल नसतानाही व्होल्टेज पडू लागतं.

२०० अँपिअरच्या वर गेलात तर बॉडीच्या स्पॉट-वेल्डवर विसंबू नका. निगेटिव्हचीही जाड केबल पुढून मागे न्या.

बॅटरी, कपॅसिटर, लिथियम

लहान पेट्रोल गाड्यांतली बी-२० मापाची ३५ एएचची बॅटरी हा या सेटअपचा सगळ्यात अशक्त दुवा. ट्रेमध्ये बसेल ती मोठी बॅटरी आधी बघा. लांबी-रुंदी मोजा, उंची बॉनेटला टेकत नाही ना पाहा, आणि होल्ड-डाउन क्लॅम्प बसलाच पाहिजे. पोलची जाडीही तपासा: या लहान बॅटऱ्यांचे पोल बऱ्याचदा बारीक असतात आणि मोठ्या बॅटरीला जुनी टर्मिनल बसत नाहीत. नवीन पितळी टर्मिनल घ्या, पत्र्याची पट्टी गुंडाळून जुळवू नका.

पुढे जागा नसेल तर डिकीत दुसरी बॅटरी, ६० एएचच्या आसपासची एजीएम (अ‍ॅसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेली, सीलबंद). साधी पाण्याची बॅटरी प्रवासी बसतात त्या जागेत नको, ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. एजीएमलाही व्हेंटची नळी असेल तर ती बाहेर काढा. दोन बॅटऱ्यांमधल्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण आता दोन्ही टोकांना वीज आहे. मध्ये आयसोलेटर रिले टाकला तर गाडी बंद असताना गाणी ऐकून पुढची बॅटरी उतरत नाही. जुनी आणि नवी बॅटरी पॅरलल जोडली तर नवी जुनीला चार्ज करत बसते आणि दोघी लवकर संपतात.

कपॅसिटरबद्दल आकडाच बोलू दे. १ फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत सुमारे ३२ जूल देतो. मोनोब्लॉक पूर्ण जोरात १२५० वॉट ओढतो. म्हणजे कपॅसिटर एका सेकंदाचा चाळिसावा भाग पुरला. हेडलाइटची बारीक थरथर त्याने कमी दिसेल, पण ज्या गाडीत अल्टरनेटर कमी पडतो तिथे तो पैसा तांब्याच्या केबलवर घालावा. सहा सेल सिरीजमध्ये जोडलेला सुपरकपॅसिटर वेगळा. ५०० फॅरडच्या सेलचा असा संच ८३ फॅरडचा होतो आणि दोन सेकंदांचा पूर्ण जोर भागवतो. लांब बेसच्या नोटला त्याचा खरा उपयोग होतो. कोणताही कपॅसिटर थेट जोडू नका. आधी १२ व्होल्टच्या बल्बमधून भरून घ्या, बल्ब विझत आला की मग पक्का जोडा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी आणि दमदार असते, पण तिला बॉनेटखालची उष्णता चालत नाही, आणि तिचा अंतर्गत रेझिस्टन्स इतका कमी असतो की उतरलेली असताना ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट सलग ओढते. मूळ अल्टरनेटर तासभर शंभर टक्के चालायला बनवलेला नसतो. डायोड आणि वाइंडिंग तापून जातात. लहान अल्टरनेटर आणि मोठी लिथियम बॅटरी ही जोडी टाळाच.

अल्टरनेटर वाढवायचा असेल तर

१५०० वॉट आणि पुढे हाच खरा उपाय. परदेशात बहुतेक मॉडेलसाठी तयार हाय-आउटपुट अल्टरनेटर मिळतात. आपल्याकडे व्यवहार्य वाट म्हणजे त्याच इंजिनाच्या मोठ्या गाडीतला किंवा डिझेल आवृत्तीतला जास्त रेटिंगचा अल्टरनेटर, ज्याचं माउंटिंग, पुलीचे खाचे आणि कपलर जुळतात. जुन्याच बॉडीत जाड वाइंडिंग भरून देणारेही आहेत. तिथे पैसे देण्याआधी आयडलवरचा आउटपुट क्लॅम्प मीटरने मोजून मागा. वरच्या फेऱ्यांवर १५० देणारा पण आयडलवर मूळपेक्षाही कमी देणारा अल्टरनेटर शहरात निरुपयोगी ठरतो.

१५० अँपिअर १४.४ व्होल्टवर म्हणजे २१६० वॉट, आणि अल्टरनेटरची एफिशिएन्सी ६० टक्के धरली तर इंजिनकडून ३.६ किलोवॉट. हे सगळं एका पट्ट्यातून जातं. पट्टा नवीन हवा, टेन्शनर नीट हवा. बेसच्या ठोक्याला चुकचुक आवाज आला तर पट्टा घसरतो आहे.

बीएस-६ आणि स्मार्ट चार्जिंग

एप्रिल २०२० नंतरच्या अनेक गाड्यांत ईसीयू चार्जिंग ठरवतो. बॅटरी भरलेली असली की चालत्या गाडीत व्होल्टेज १२.८ च्या आसपास येतं आणि ब्रेक मारताना १४.८ च्या वर जातं. हा बिघाड नाही, पण अ‍ॅम्पला तो सोसावा लागतो. काही गाड्यांत हेडलाइट लावले की चार्जिंग स्थिर वर राहतं. आपल्या गाडीत तसं होतं का ते मीटर लावून बघा.

अशा गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर एक छोटा सेन्सर असतो. तुमची कोणतीही अर्थ केबल थेट त्या पोलवर लावायची नाही. सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला लावा. नाहीतर अ‍ॅम्पचा करंट सेन्सरला न दिसता निघून जातो, ईसीयूला बॅटरी भरलेली वाटते आणि ती रोज थोडी थोडी उतरत राहते. ईसीयूकडून हुकूम घेणारा अल्टरनेटर काढून साधा बसवला तर डॅशवर दिवा पेटतो, म्हणून इथे अल्टरनेटर बदलण्याआधी दहादा विचार करा. स्टार्ट-स्टॉपच्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणाऱ्या) गाडीत ईएफबीच्या (तिच्यासाठी बनवलेल्या सुधारित पाण्याच्या बॅटरीच्या) जागी ईएफबी किंवा एजीएमच, आणि मोठ्या आवाजात गाणी ऐकताना ते फंक्शन बंद.

इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो. १२ व्होल्टचं सगळं एका डीसी-डीसी कन्व्हर्टरवर चालतं. त्याची क्षमता ओलांडू नका आणि नारिंगी (हाय-व्होल्टेज) केबलच्या वाटेला अजिबात जाऊ नका.

तपासणी

काम झाल्यावर इंजिन २००० आरपीएमवर, ५० हर्ट्झचा टोन नेहमीच्या सर्वाधिक आवाजात पाच ते दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या सोयीवर) ठेवून हे क्रमाने मोजा:

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्हपर्यंत: ०.३ व्होल्टच्या आत. जास्त आलं तर फ्यूजच्या दोन्ही बाजू, मग प्रत्येक थिंबल स्वतंत्र मोजा. दोषी जोड लगेच उघडा पडतो.

अ‍ॅम्पच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत: ०.२ च्या आत. यासाठी मीटरची एक वायर लांब करावी लागते, ती करा; ही मोजणी टाळणारेच पुढे महिनोन् महिने शिट्टीच्या मागे धावतात.

अल्टरनेटरच्या बी-प्लसपासून बॅटरी पॉझिटिव्हपर्यंत: ०.२ च्या आत.

वाटेतले तोटे इतके कमी असूनही अ‍ॅम्पवर १२.५ च्या खाली जात असेल आणि बॅटरीवरही तितकंच दिसत असेल, तर केबलचं काम चोख आहे. कमी पडतो तो अल्टरनेटर किंवा बॅटरी. बॅटरीवर १३.८ आणि अ‍ॅम्पवर १२.५ दिसलं तर उलट, दोष केबल किंवा जोडात.

मागणी कमी करण्याची जागाही बघा. बेस बूस्ट ६ डेसिबल वाढवला की अ‍ॅम्पकडे चौपट पॉवर मागितली जाते. तो शून्यावर ठेवा. पोर्टेड (हवेसाठी भोक असलेला) बॉक्स असेल तर सबसॉनिक फिल्टर २५ ते ३० हर्ट्झवर लावा, कारण त्याखालची पॉवर ऐकू येत नाही, फक्त कोन हलवते. आणि १००० चे २००० वॉट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. तेवढेच ३ डेसिबल तसाच दुसरा वूफर, त्याला पुरेसा बॉक्स देऊन आणि एकूण पॉवर तीच ठेवून मिळतात. अल्टरनेटर, बॅटरी, केबल काहीच बदलावं लागत नाही. डिकीत जागा असेल तर हा मार्ग आधी घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

बसवल्यानंतर महिन्याभराने इंजिन थंड असताना सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. नवीन तांब्याचे जोड तापून-निवून थोडे सैल होतात. मोठ्या आवाजात अर्धा तास गाडी चालवली की फ्यूज होल्डर आणि थिंबलला हात लावून पाहा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर तो जोड कापून नव्याने क्रिम्प करा, आणि पावसाळा संपल्यावर अर्थचा बोल्ट एकदा उघडून बघा.